परळच्या बंगल्यातून सरकारदरबारी

परळला केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालये जिथे दाटीने उभी आहेत, तिथेच आचार्य दोंदे मार्गावर झाडांच्या आड एक जुना ऐसपैस बंगला आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर एकेकाळी इथे राहत. १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी मुंबईत पटकीने गेल्या आणि त्यानंतर लाटसाहेबांचे बिऱ्हाड मलबार पॉइंटला हलले. पुढे १० ऑगस्ट १८९९ रोजी या बंगल्यात प्लेग रिसर्च लॅबोरेटरी आली. तिचे प्रमुख होते वाल्डेमार हाफकिन, म्हणजे ज्यांनी पटकीवरची लस शोधून १८९२ साली पॅरिसमध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली होती तेच. पटकीच्या धास्तीने सुटलेला बंगला त्यांच्याच हाती यावा, हा योग कुणी मुद्दाम जुळवून आणला नव्हता. लाटसाहेबांच्या मेजवान्यांच्या दालनात आता काचेचे चंबू मांडले गेले.

हाफकिन संस्थेचा इतिहास सांगताना बहुधा लशींची यादी वाचली जाते. प्लेग, सर्पदंश, श्वानदंश, पोलिओ. यादी खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. पण या संस्थेत आणखी एक परंपरा आहे, तिची नोंद फारशी होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले ते सरकारला सांगायचे, सरकारला ते आवडो न आवडो, आणि सरकारने ऐकले नाही तर चार लोकांपुढे जाऊन सांगायचे, ही ती परंपरा. ज्या काळात ती जागी होती त्या काळात परळचा शब्द दिल्ली-लंडनपर्यंत जात असे.

सुरुवातच झगड्याने झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गाठी आलेले रोगी दगावू लागले. हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान केले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्याचे, मांडवीत दवाखाना चालवणारे डॉक्टर. हाफकिन तेव्हा कलकत्त्याला होते. ऑक्टोबरमध्ये ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट लॅबोरेटरीत एक खोली, एक ओसरी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या भांडवलावर त्यांनी काम सुरू केले.

त्या खोलीत काय चालले होते ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. प्लेगचे जंतू वाढवायचे तर मांसाचा रस्सा लागतो. गाईचे किंवा डुकराचे मांस वापरले तर कोण लस टोचून घेणार? म्हणून हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस वापरले. रश्शावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागे. चंबू हलवला की ते धागे तुटून तळाशी बसत आणि वर नवी वाढ सुरू होई. असे पाच-सहा आठवडे. मग उष्णता देऊन जंतू मारायचे आणि बाटल्या भरायच्या. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस आधी स्वतःला टोचली, तीही नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त. ताप आला, दुखले, उतरले. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचली गेली. लोकांच्या सोवळ्याओवळ्याचा विचार प्रयोगशाळेतल्या माणसाने केला होता. त्याच सुमारास सरकारने काय केले, हे पुण्याला वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरझडत्या, स्टेशनावर परक्या पुरुषांकडून बायकांची तपासणी, सामान जाळणे, भिंतींवर औषधांचे फवारे, कौले उतरवणे. २२ जून रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी तिथला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. मुंबईतही दंगे झाले. या गदारोळात लस ऐच्छिक असावी, माणसाला पटवून टोचावी, अशी हाफकिन यांची भूमिका होती. आगाखानांनी जाहीरपणे टोचून घेऊन आपल्या अनुयायांची भीती घालवली. त्यांनी प्रयोगशाळेला काही काळ आपला बंगलाही वापरायला दिला.

वरिष्ठ डॉक्टरांमध्ये मात्र हाफकिन यांना फारसे मित्र नव्हते. त्याचे एक कारण साधे होते. ते डॉक्टर नव्हते. शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ, जन्माने रशियन साम्राज्यातले ज्यू, आणि नोकरी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या लष्करी शिस्तीतल्या साहेबांच्या शेजारी. रोग्याची नाडी न पाहणाऱ्या माणसाने साथीबद्दल धोरण सांगावे, हे अनेकांना रुचत नव्हते.

मुलकोवालने या विरोधकांच्या हाती कोलीत दिले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या या गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस टोचली गेली होती. बाटलीचा क्रमांक ५३ एन. चौकशी समिती बसली. पंजाबने लाखो मात्रा मागितल्या होत्या. एवढा माल वेळेत निघावा म्हणून परळला बाटलीत कार्बॉलिक आम्ल घालण्याची जुनी पायरी गाळून नुसत्या उष्णतेवर भर दिला गेला होता, तेवढ्यावरून समितीने दोष मुंबईच्या माथी मारला. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. १९०४ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला.

खरे तर उत्तर चौकशीच्या कागदांतच होते. टोचणी सुरू असताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो जाळावर धरून शुद्ध न करता नुसता औषधी पाण्यात बुडवला गेला आणि त्याच चिमट्याने ५३ एन चे बूच उघडले गेले. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरने वास घेऊन पाहिला होता, वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू मुंबईपासून बाटलीत वाढत आले असते तर दुर्गंधी आल्याशिवाय राहिली नसती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने फेरतपासणी केली. तरी सरकार हलेना. शेवटी मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस मैदानात उतरले. जुलै १९०७ मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आले. फ्रान्समध्ये एका निर्दोष ज्यू अधिकाऱ्यावर झालेल्या अन्यायाची आठवण होऊन लोकांनी याला छोटे ड्रेफस प्रकरण म्हटले ते उगीच नव्हे. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरले. त्यांना परत बोलावले ते मात्र कलकत्त्याला. परळची खुर्ची त्यांना पुन्हा मिळाली नाही.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिल्लक राहिल्या. बाटलीवर क्रमांक असतो, त्या क्रमांकामागे नोंदवही असते आणि संकटाच्या वेळी तीच साक्षीला येते, ही एक. प्रयोगशाळेचा बचाव प्रयोगशाळेतल्या माणसांनीच उघडपणे करावा लागतो, ही दुसरी.

दरम्यान परळला दुसरा सामना रंगला होता. विल्यम ग्लेन लिस्टन हे इथले तरुण अधिकारी. उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते, असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली कराचीत दाखवले होते, पण ते कुणी फारसे मनावर घेतले नव्हते. लिस्टन यांनी ते मनावर घेतले. भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात गिनीपिग प्लेगने मेले, तेव्हा त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. मग ज्या चाळीत उंदीर मरून पडले होते, तिथे त्यांनी गिनीपिग मोकळे सोडले. एरवी गिनीपिगच्या वाऱ्याला न फिरकणाऱ्या पिसवा त्यांच्या अंगावर चढल्या. उंदीर मेला की पिसू उपाशी राहते आणि मिळेल त्या प्राण्याला चावते. तो प्राणी माणूसही असतो. नोव्हेंबर १९०४ मध्ये लिस्टन यांनी हे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत व्याख्यान देऊन सांगितले. सरकारी फायलीची वाट न पाहता शहरातल्या जाणत्या लोकांपुढे ते बोलले, याला या इतिहासात फार महत्त्व आहे.

१९०५ मध्ये इंडिया ऑफिस, रॉयल सोसायटी आणि लिस्टर इन्स्टिट्यूट यांनी मिळून प्लेगच्या संशोधनासाठी मंडळ पाठवले. त्याचे काम परळच्या आवारात चालले. आवारात छोट्या खोल्या बांधल्या गेल्या. काहींवर चाळींवर असतात तशी कौले, काहींवर पत्रे. कौलांच्या आत उंदीर राहायला आले आणि तिथे पिसवा बुजबुजल्या. गिनीपिगचे काही पिंजरे जमिनीवर ठेवले, काही दोन फूट उंच टांगले, काहींच्या भोवती चिकट कागदाचा सहा इंची पट्टा लावला. जमिनीवरचे मेले. टांगलेले आणि कागदाआडचे वाचले. पिसूची उडी तेवढी नसते. आणि पिसू नसेल तर रोगट प्राण्याशेजारी राहून, त्याच मातीवर लोळूनही लागण होत नव्हती.

याचा अर्थ सरकारसाठी भयंकर होता. घराघरांतून भिंती धुण्यात, जमिनीवर औषधे ओतण्यात, लोकांची अंथरुणे जाळण्यात जी ताकद आणि जे वैर खर्ची पडले, ते बहुतांशी वाया गेले होते. लक्ष द्यायला हवे होते ते उंदीर, धान्याची कोठारे आणि माणसांच्या राहण्याच्या जागा यांच्याकडे. १९०६ पासून हे अहवाल ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये छापले जाऊ लागले आणि मग ते नाकारण्याची सोय उरली नाही.

यातले एक काम मात्र अहवालाच्या पानांत बेनावच राहिले. मुंबईभरातून रोज गोळा होणारे उंदीर, कुठल्या भागातला कुठला याची चिठ्ठी लावून, परळला येत. असे लाखावर उंदीर उघडून पाहिले गेले. मानेतली गाठ, यकृतावरचे ठिपके, कातडीखालची लाली, छातीत साठलेले पाणी. मंडळाने शेवटी नोंदवले, की प्लेगचा उंदीर ओळखायला सूक्ष्मदर्शकापेक्षा सरावलेला डोळा जास्त भरवशाचा आहे. तो डोळा ज्यांचा होता, ते मदतनीस कोण होते, कुठे राहत होते, त्यांच्यातल्या कुणाला प्लेग झाला का, याबद्दल इतिहास गप्प आहे. पुढच्या काळात ज्यांना लॅब टेक्निशियन म्हटले जाऊ लागले, त्यांचे हे पूर्वज.

मधली वर्षे भरभर उलटावी अशी आहेत. १९०६ मध्ये बॉम्बे बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी हे नाव आले आणि १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट. ज्या माणसाला सरकारने काढले, त्याचेच नाव सरकारने त्याच्या हयातीत संस्थेला दिले. तोवर मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. हाफकिन १९३० साली लोझानला वारले.

१९३२ मध्ये साहिबसिंग सोखी संचालक झाले. या पदावरचे ते पहिले भारतीय. रुबाबदार लष्करी डॉक्टर, आणि कथकला युरोपच्या रंगमंचावर नेणाऱ्या, खंडाळ्याला नृत्यशाळा काढणाऱ्या मेनका यांचे पती. म्हणजे एकाच घरात एकीकडे घुंगरू आणि दुसरीकडे प्लेगचे जंतू. सोखींच्या काळात लस सुधारली, तिची ताकद उंदरांवर मोजून प्रमाणित करण्याची पद्धत बसली आणि गंधकयुक्त औषधांनी प्लेगचा रोगी बरा होतो का, याचे प्रयोग झाले. त्या कामातले भालचंद्र बाबाजी दीक्षित पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले.

पण सोखी प्रयोगशाळेत मावणारे गृहस्थ नव्हते. १९३८ साली काँग्रेसने राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिच्या राष्ट्रीय आरोग्य उपसमितीचे अध्यक्षपद सोखींकडे आले. सरकारी नोकरीत असलेल्या, लष्करी हुद्दा असलेल्या अधिकाऱ्याने काँग्रेसच्या समितीवर बसायचे, हे त्या काळी धारिष्ट्याचे काम होते. त्यांच्या उपसमितीने सांगितले, की दर हजार लोकांमागे एक प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी हवा. स्वच्छता आणि प्रथमोपचार जाणणारा, लोकांतलाच. औषधांच्या पेटंटना तिने विरोध केला. नंतर सरकारने नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली डॉक्टर हाच आरोग्यसेवेचा कणा धरला, सरकारही त्याच वाटेने गेले आणि सोखींचा कागद १९४८ मध्ये छापला जाऊन कपाटात गेला.

तो तिथे कायमचा राहिला नाही, हे मात्र खरे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट देण्याचे ठरवले आणि भारतातला औषध उद्योग उभा राहिला. १९७७ मध्ये गावोगाव हजारामागे एक आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ आणली, तीही साधारण हजार लोकांमागे एक. आज महाराष्ट्रातल्या वाडीवस्तीवर फिरणाऱ्या आशाताईंना परळच्या एका संचालकाचे नाव माहीत असण्याचे कारण नाही. पण हजारामागे एक हा हिशेब सोखींचाच आहे. सोखी पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे सहायक महासंचालक झाले, राज्यसभेत गेले आणि औषधांचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्रात असावे म्हणून शेवटपर्यंत भांडत राहिले.

१९७५ मध्ये संस्थेचे दोन भाग झाले. संशोधन, प्रशिक्षण आणि चाचणी संस्थेकडे, उत्पादन हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे. पोलिओच्या लशीचा मोठा कारभार महामंडळाने सांभाळला. देशातून पोलिओ गेला त्यात त्या थेंबांचा वाटा आहे. तरीही ही फाळणी संस्थेला महागात पडली, असे म्हणावे लागते. जी माणसे लस बनवतात तीच माणसे रोगाचा माग काढतात आणि तीच सरकारला जाब विचारतात, ही जुनी साखळी तिथे तुटली. १९६६ नंतर देशात प्लेगचा खात्रीचा रोगी सापडला नव्हता, त्यामुळे उंदीर-पिसवांवरची पाळत सगळीकडेच ढिली पडली होती. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आणि मग सुरतेत प्लेगची बोंब उठली, तेव्हा देशभर धावपळ झाली.

अलीकडचा एक निर्णय तर चक्रावून टाकणारा होता. २०१७ मध्ये राज्य सरकारने सरकारी रुग्णालयांची औषधे आणि उपकरणे खरेदी करण्याचे काम हाफकिन महामंडळाकडे सोपवले. लस बनवणाऱ्यांना निविदा काढायला बसवले. औषधे वेळेवर पोहोचत नसल्याच्या तक्रारी गाजल्या आणि २०२३ मध्ये या कामासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभे करावे लागले. मधल्या काळात करोना आला. एप्रिल २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन बनवण्याची परवानगी हाफकिनला मिळाली, तेव्हा एका शतकापूर्वीच्या वैभवाची सगळ्यांना आठवण झाली. वैभव असे आठवणीने परत येत नसते.

त्याच २०२१ साली संसदेने आणखी एक कायदा केला, त्याचा गाजावाजा कमी झाला. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापणारा हा कायदा. त्याच्या परिशिष्टात व्यवसायांचे दहा वर्ग दिले आहेत, त्यात पहिलाच वर्ग वैद्यकीय प्रयोगशाळेतल्या व्यावसायिकांचा. डॉक्टर नसलेल्या प्रयोगशाळेतल्या माणसाला कायद्याने स्वतःचे स्थान, नोंदवही आणि परिषद देण्याची ही तरतूद आहे. हाफकिन यांना आयुष्यभर जे मिळाले नाही ते हेच.

आता एक ताजा विषय परळच्या दारात उभा आहे. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला. सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असे केंद्राने त्याच वर्षी राज्यांना कळवले. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते. देशात त्यासाठी लागणारे विष प्रामुख्याने तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक वेगळे असते, त्यामुळे तिथल्या विषावर बनलेले प्रतिविष इथल्या दंशाला कमी पडू शकते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले फुरसे कसे, विदर्भातली घोणस कशी, हे तपासायला परळपेक्षा योग्य जागा राज्यात दुसरी नाही. सापांवर आयुष्य घालवणाऱ्या डॉ. पी. जे. देवरस यांच्यासारख्यांचा वारसा याच संस्थेचा आहे. म्हणून राज्याचा सर्पदंश आराखडा ठरवायला समिती बसेल, तेव्हा संस्थेने निमंत्रणाची वाट पाहू नये. सापाचे विष काढणारे आणि त्याची मात्रा मोजणारे टेक्निशियन बरोबर घेऊन, आपल्या नोंदवह्या काखोटीला मारून, तिने मंत्रालयाच्या पायऱ्या चढाव्यात.